साठवण क्लस्टरमधील डिस्कचे स्वयंचलित फॉरमॅटिंग व माउंटिंग : ओळख, क्रम आणि दक्षता

गोषवारा

अनेक संगणक जोडून उभारलेल्या साठवण क्लस्टरमध्ये प्रत्येक हार्ड डिस्कचे विभाजन करणे, तिच्यावर फाइल सिस्टीम रचणे आणि ती वापरासाठी माउंट करणे ही पायाभूत कामे होत. डिस्कची संख्या शेकड्यात गेली की ही कामे हाताने करणे दुष्कर ठरते व स्वयंचलनाचा अवलंब करावा लागतो. तथापि, फॉरमॅटिंग ही मागे फिरवता न येणारी क्रिया असल्यामुळे स्वयंचलनाने श्रमाची जशी बचत होते, तसा चुकीचा गुणाकारही होतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे टप्पे, तिच्यातील धोक्याच्या जागा आणि त्यांवरील उपाय यांचे विवेचन केले आहे. डिस्कची खात्रीशीर ओळख आणि नोडनिहाय क्रमाने केलेली अंमलबजावणी हाच सुरक्षित स्वयंचलनाचा पाया होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : साठवण क्लस्टर, फाइल सिस्टीम, माउंटिंग, यूयूआयडी, स्वयंचलन, लिनक्स

१. प्रस्तावना

संशोधनातील माहिती एके काळी नोंदवह्यांत, पुढे फ्लॉपीवर व कॉम्पॅक्ट डिस्कवर मावत असे. आज तिचे मोजमाप पेटाबाइटमध्ये होऊ लागले आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील ‘अर्क’ ही महासंगणक प्रणाली २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिची गणनक्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स असून तिच्यासोबत ३३ पेटाबाइट इतकी साठवण आहे. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. एवढी साठवण १६ टेराबाइटच्या डिस्कवर बसवायची, असे केवळ हिशोबासाठी गृहीत धरले तरी २,०६३ डिस्क लागतील. सुरक्षिततेसाठी ठेवावयाच्या जादा प्रती यात धरलेल्या नाहीत.

डिस्कची संख्या केवळ आकारमानामुळे वाढते असे नाही. वेगामुळेही ती वाढते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही दुर्बीण याचे उत्तम उदाहरण होय. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. प्रत्येक अँटेनाकडून दोन ध्रुवणांचे दोन संकेत मिळतात, म्हणजे एकूण ६० संकेत. दुर्बिणीची मूळ ३२ मेगाहर्ट्झची पट्टरुंदी घेतली, तर नायक्विस्टच्या नियमानुसार प्रत्येक संकेताचे सेकंदाला ६.४ कोटी नमुने घ्यावे लागतात. ६० संकेतांचे मिळून ते ३८४ कोटी होतात. प्रत्येक नमुन्याला एक बाइट धरल्यास सेकंदाला ३.८४ गिगाबाइट आणि तासाला जवळजवळ १३.८ टेराबाइट इतकी कच्ची माहिती निर्माण होते. एका हार्ड डिस्कचा सलग लेखनवेग सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइट मानला, तर ही माहिती जशीच्या तशी उतरवून घेण्यास किमान २० ते २६ डिस्क एकाच वेळी लिहित्या ठेवाव्या लागतील. नित्याच्या निरीक्षणात संकेतांवर प्रक्रिया करून बरीच लहान केलेली माहिती साठवली जाते, ही गोष्ट खरी. परंतु दुर्बिणीच्या नूतनीकरणानंतर पट्टरुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढली आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय आकाशातील क्षणिक रेडिओ स्फोट पुन्हा घडवून आणता येत नाही. त्याची नोंद पुसली गेली तर ती कायमचीच गेली.

हा प्रश्न केवळ मोठ्या संस्थांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. जळगाव शहरातील पिंप्राळा परिसरात एखादे महाविद्यालय आहे आणि त्याने प्रयोगशाळेतील जुने संगणक जोडून एक लहान साठवण क्लस्टर उभारले आहे, अशी कल्पना करावी. त्यावर मराठी विभागाने गावोगाव फिरून केलेली अहिराणी गीतांची ध्वनिमुद्रणे आहेत, वनस्पतिशास्त्र विभागाची छायाचित्रे आहेत, रसायनशास्त्र विभागाची मृदापरीक्षणाची कोष्टके आहेत. ज्या वृद्धेने ती गीते म्हटली ती आज हयात नसेल, तर ते ध्वनिमुद्रण आणि खोडदची नोंद यांची किंमत सारखीच म्हणावी लागेल. म्हणूनच डिस्क फॉरमॅट करण्याची आज्ञा कोणी, कोणत्या डिस्कला आणि कशाच्या आधारे दिली, हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहत नाही.

२. मूलभूत संकल्पना

नवी डिस्क वापरात येण्यापूर्वी तिच्यावर तीन संस्कार होतात. पहिला विभाजनाचा. डिस्कच्या आरंभी एक तक्ता लिहिला जातो व त्यात कोणता भाग कोठून कोठपर्यंत आहे, याची नोंद होते. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या तक्त्यात ३२ बिटांचे क्रमांक वापरले जात. त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरसह सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा त्याला दाखवता येत नसे. जीपीटी या नव्या पद्धतीत ही मर्यादा नाही. शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते.

दुसरा संस्कार फॉरमॅटिंगचा. यात फाइल सिस्टीमची रचना डिस्कवर लिहिली जाते. मोकळी जागा कोणती, फाइलचे नाव कोणते, तिचे तुकडे कोठे आहेत, या सर्वांची ती व्यवस्था होय. लिनक्समध्ये ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन फाइल सिस्टीम विशेष प्रचलित आहेत. यांतील निवड वरवर क्षुल्लक वाटते, पण मोठ्या संख्येपुढे ती क्षुल्लक राहत नाही. ईएक्सटी४ आपल्या मूळ मांडणीत ५ टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवते. १६ टेराबाइटच्या डिस्कवर ही जागा ८०० गिगाबाइट होते आणि १४४ डिस्कच्या क्लस्टरमध्ये ११५ टेराबाइटहून अधिक. केवळ माहिती साठवणाऱ्या डिस्कवर हे प्रमाण फॉरमॅट करतानाच कमी करणे इष्ट ठरते. एक्सएफएसमध्ये अशी राखीव जागा नसते. मात्र एकदा रचलेली एक्सएफएस लहान करता येत नाही.

तिसरा संस्कार माउंटिंगचा. लिनक्समध्ये सर्व फोल्डर एकाच वृक्षाच्या फांद्या असतात. फॉरमॅट केलेली डिस्क या वृक्षावरील एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडली की तिच्यातील माहिती त्या ठिकाणी दिसू लागते. संगणक सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडावी, याची यादी ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये असते.

फॉरमॅटिंगविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. साध्या फॉरमॅटिंगने डिस्कवरील प्रत्येक बाइट पुसला जात नाही. नवी रचना तेवढी लिहिली जाते. ग्रंथालयातील पुस्तके जागेवर ठेवून तालिका जाळून टाकावी, तसा हा प्रकार होय. काही पुस्तके शोधून काढता येतील. परंतु सर्व मिळतीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

३. हाताने काम करण्याच्या मर्यादा

बारा नोड आणि प्रत्येक नोडमध्ये बारा डिस्क, असे १४४ डिस्कचे क्लस्टर विचारात घेऊ. प्रत्येक डिस्कसाठी पाच आज्ञा द्याव्या लागल्या तर एकूण ७२० आज्ञा होतात. प्रत्येक डिस्कला तीन मिनिटे धरली तरी सात तासांहून अधिक वेळ जातो. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, दोनशे आज्ञांमागे एक चूक मानली तरी तीन-चार चुका अपेक्षित धराव्या लागतात. आणि एकच अक्षर चुकल्याने एका डिस्कऐवजी दुसरी डिस्क फॉरमॅट होऊ शकते.

शिवाय हे काम एकदाच करून संपत नाही. गूगलमधील पिन्हेरो, वेबर व बरोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी करून २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डिस्क निकामी होण्याचे वार्षिक प्रमाण पहिल्या वर्षाच्या डिस्कमध्ये १.७ टक्के, तर तीन वर्षे वयाच्या डिस्कमध्ये ८.६ टक्क्यांहून अधिक आढळले. वर हिशोबासाठी मानलेल्या २,०६३ डिस्कना हे प्रमाण लावल्यास वर्षाला ३५ ते १७७ डिस्क बदलाव्या लागतील. म्हणजे दहा दिवसांतून एकदा ते दोन दिवसांतून एकदा कोणीतरी चालू क्लस्टरमध्ये नवी डिस्क घालणार, ती फॉरमॅट करणार आणि जोडणार. प्रत्येक वेळी शेजारच्या खाचेत माहितीने भरलेली डिस्क असणार. स्वयंचलनाची खरी कसोटी पहिल्या उभारणीत लागत नाही. ती या नित्याच्या बदलात लागते.

४. नाव आणि ओळख

लिनक्समध्ये डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी नावे मिळतात. संगणक सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क आढळतात, त्या क्रमाने ही नावे दिली जातात. वीज गेली, संगणक पुन्हा सुरू झाला, एखादी डिस्क उशिरा जागी झाली किंवा एक डिस्क काढून घेतली, तर काल ‘एसडीबी’ असलेली डिस्क आज ‘एसडीसी’ होऊ शकते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत वीज खंडित होऊन संगणक पुन्हा सुरू होणे अपवादात्मक नाही, हे कोणत्याही प्रयोगशाळेस सांगावे लागत नाही.

महाविद्यालयीन व्यवहारातील उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. विद्यार्थ्याचा हजेरीपटावरील क्रमांक दरवर्षी बदलतो. त्याचा कायम नोंदणी क्रमांक मात्र विद्यापीठात प्रवेश घेतल्यापासून पदवीपर्यंत तोच राहतो. हजेरी क्रमांकावरून कोणी परीक्षेचा निकाल लावणार नाही. ‘एसडीबी’ हा डिस्कचा हजेरी क्रमांक होय आणि तिच्यावर छापलेला अनुक्रमांक हा कायम नोंदणी क्रमांक. लिनक्समध्ये हा अनुक्रमांक समाविष्ट असलेली कायम नावेही उपलब्ध असतात. फाइल सिस्टीमची ओळख वेगळी असते. फॉरमॅट करताना तिला १२८ बिटांचा यूयूआयडी नावाचा क्रमांक मिळतो. यावरून दोन नियम निघतात : फॉरमॅट करावयाची डिस्क अनुक्रमांकावरून निवडावी आणि ‘एफएसटॅब’मधील नोंद यूयूआयडीवरून करावी.

यूयूआयडीबाबतही एक सावधगिरी आवश्यक आहे. एका संगणकाची डिस्क जशीच्या तशी उतरवून इतर संगणक तयार करण्याची पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळांत रूढ आहे. या पद्धतीत यूयूआयडीचीही नक्कल होते. अशा दोन डिस्क एकाच संगणकात आल्या तर ओळखीचा आधारच नाहीसा होतो. एक्सएफएस अशी दुसरी डिस्क जोडण्यास नकार देते. इतरत्र मात्र कोणती डिस्क जोडली गेली, हे योगायोगावर राहते.

५. आज्ञांची यादी आणि स्थितीचे वर्णन

स्वयंचलनाचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हाताने द्यावयाच्या आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहिणे, म्हणजेच स्क्रिप्ट. या मार्गातील उणीव अशी की, स्क्रिप्ट ‘काय करावे’ एवढेच जाणते. ‘आधी काय झाले आहे’ हे ती जाणत नाही. बारा नोडपैकी सातव्या नोडवर ती अडखळली आणि पुन्हा आरंभापासून चालवली, तर पहिल्या सहा नोडवरील डिस्क, ज्यांच्यावर मधल्या काळात माहिती लिहिली गेली असेल, पुन्हा फॉरमॅट होतात.

दुसरा मार्ग अपेक्षित स्थितीचे वर्णन करण्याचा आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’द्वारे ही विचारसरणी रुजवली. पुढे २००५ मध्ये ‘पपेट’ व २०१२ मध्ये ‘अ‍ॅन्सिबल’ ही साधने आली. येथे ‘डिस्क फॉरमॅट कर’ असे सांगितले जात नाही. ‘या डिस्कवर एक्सएफएस असावी आणि ती अमुक ठिकाणी जोडलेली असावी’ असे सांगितले जाते. स्थिती आधीच तशी असेल तर साधन काहीही करत नाही. गणितात या गुणधर्मास आयडेम्पोटन्स म्हणतात. बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये ही संज्ञा योजली. एखाद्या संख्येचे निरपेक्ष मूल्य एकदा काढले काय आणि दहादा काढले काय, उत्तर तेच येते. सुरक्षित स्वयंचलनही असेच असले पाहिजे.

‘अ‍ॅन्सिबल’मधील फाइल सिस्टीम रचणारे मॉड्यूल डिस्कवर वेगळ्या प्रकारची फाइल सिस्टीम आढळल्यास थांबते. तिच्यावर लिहिण्यासाठी सक्तीचा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. एक्सएफएस रचणारी मूळ आज्ञाही जुनी फाइल सिस्टीम दिसताच नकार देते. ईएक्सटी४ची आज्ञा मात्र ‘पुढे जायचे का?’ हा प्रश्न टर्मिनलसमोर माणूस बसलेला असतानाच विचारते. स्क्रिप्टमधून पार्श्वभूमीवर चालवली असता हा प्रश्न विचारलाच जात नाही. म्हणजे माणसासाठी ठेवलेला पहारेकरी स्वयंचलन सुरू होताच निघून जातो. काही ठिकाणी अडथळा टळावा म्हणून सक्तीचा पर्याय सवयीने लिहिला जातो. तो तर पहारेकऱ्यास स्वतःहून रजा देण्याचा प्रकार होय. जी तपासणी माणूस करीत होता ती स्वयंचलनात स्पष्ट शब्दांत लिहावी लागते; ती आपोआप येत नाही.

६. सुरक्षित कार्यपद्धतीचे टप्पे

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचवता येईल.

(१) नोंद : प्रत्येक नोडवरील सर्व डिस्कचा अनुक्रमांक, आकार, खाच आणि सद्यःस्थिती यांची यादी यंत्रानेच तयार करावी.

(२) वगळणी : ज्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम आहे, जी आधीच जोडलेली आहे, जिच्यावर विभाजन, फाइल सिस्टीम, रेड किंवा एलव्हीएमची खूण आढळते, अशी प्रत्येक डिस्क बाजूला काढावी.

(३) मान्यता : उरलेल्या डिस्कचे अनुक्रमांक माणसाने तपासलेल्या यादीशी ताडून पाहावेत. यादीत नसलेली डिस्क रिकामी दिसली तरी तिला हात लावू नये.

(४) रंगीत तालीम : प्रत्यक्ष बदल न करता काय बदलणार आहे, तेवढे दाखवणारी फेरी चालवावी व तिचा अहवाल वाचावा.

(५) विभाजन व फॉरमॅटिंग : विभाजन होताच फॉरमॅटची आज्ञा देऊ नये. नव्या विभागाचे नाव प्रणालीत उमटण्यास क्षणभर अवधी लागतो; तो संपल्याची खात्री करून मगच पुढे जावे.

(६) माउंटिंग व पडताळणी : यूयूआयडीनुसार नोंद करून डिस्क जोडावी, चाचणीची फाइल लिहून वाचावी आणि नोड एकदा पुन्हा सुरू करून पाहावा.

(७) दप्तर : कोणत्या अनुक्रमांकाची डिस्क कोणत्या नोडच्या कोणत्या खाचेत, कोणत्या दिवशी बसली, याची नोंद क्लस्टरबाहेर ठेवावी.

या सात टप्प्यांपैकी प्रत्यक्ष फॉरमॅटिंग केवळ एका टप्प्यात आहे. उरलेले सहा ओळख पटवण्याचे व खात्री करण्याचे आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

७. न जोडलेली डिस्क

फॉरमॅटिंगमधील चूक लगेच कळते; माउंटिंगमधील चूक मात्र मूक असते. एखादी डिस्क बिघडली आणि संगणक तिच्याशिवाय सुरू झाला, तरी ज्या फोल्डरला ती जोडायची ते रिकामे फोल्डर जागेवर असतेच. साठवणीचा प्रोग्रॅम त्या फोल्डरमध्ये लिहीत राहतो आणि माहिती मोठ्या डिस्कऐवजी ऑपरेटिंग सिस्टीमच्या लहान डिस्कवर साचत जाते. ती भरली की संपूर्ण नोड बंद पडतो. पुढे मूळ डिस्क पुन्हा जोडली गेली तर मधल्या काळातील माहिती तिच्याखाली झाकली जाते व हरवल्यासारखी वाटते.

यावरील उपाय साधा आहे. डिस्क जोडण्यापूर्वीच ते रिकामे फोल्डर अपरिवर्तनीय म्हणून चिन्हांकित करावे. डिस्क जोडलेली नसेल तर तेथे लेखन होणारच नाही व चूक तत्काळ उघडकीस येईल. दुसरीकडे, एका डिस्कच्या अभावी संपूर्ण नोड सुरू होण्यापासून अडून राहू नये, यासाठी ‘एफएसटॅब’मध्ये ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा. हे दोन्ही उपाय एकत्रच योजावेत. केवळ दुसरा योजल्यास वर वर्णिलेली मूक चूक अधिकच संभवते.

८. प्रतींचे स्वातंत्र्य

एका आक्षेपाचा येथे विचार करणे आवश्यक आहे. क्लस्टरमध्ये प्रत्येक माहितीच्या अनेक प्रती असतात. हॅडूपच्या फाइल सिस्टीममध्ये मूळ मांडणीनुसार तीन असतात. मग एखादी डिस्क चुकून फॉरमॅट झाली तर बिघडले कोठे?

एका डिस्कपुरता हा आक्षेप योग्य आहे. डिस्क निकामी होण्याची वार्षिक संभाव्यता २ टक्के मानली आणि तीन डिस्कचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर तिन्ही एकाच वर्षात बिघडण्याची संभाव्यता ०.०२ चा घन, म्हणजे दहा लाखांत आठ इतकी येते. मधल्या काळात हरवलेली प्रत पुन्हा तयार होत असल्याने प्रत्यक्षात ती याहूनही कमी असते. परंतु हा सर्व गुणाकार ‘स्वतंत्र’ या एका शब्दावर उभा आहे. बारा नोडवर एकाच क्षणी चालणारी एकच चुकीची आज्ञा हे स्वातंत्र्य संपुष्टात आणते. तिन्ही प्रती एकाच कारणाने, एकाच मिनिटात नष्ट होतात. तेव्हा संभाव्यतेचा घन करण्यास आधार उरत नाही. प्रतींची संख्या यंत्राच्या बिघाडापासून रक्षण करते; आज्ञेच्या चुकीपासून करत नाही.

म्हणून स्वयंचलन सर्व नोडवर एकदम चालवू नये. प्रथम एका नोडवर, तेथील पडताळणीनंतर दोन नोडवर आणि मग उरलेल्यांवर, असा क्रम ठेवावा. एका वेळी किती नोड घ्यावेत, हे ठरवण्याची सोय ‘अ‍ॅन्सिबल’मध्ये आहे. या क्रमाने काही तास अधिक लागतात. परंतु गमावलेले स्वातंत्र्य त्या तासांनी परत मिळते. याशिवाय क्लस्टरबाहेरची, त्या आज्ञेच्या आवाक्यात नसलेली एक प्रत अनिवार्य समजावी.

नव्या प्रणालींनीही हा प्रश्न मिटलेला नाही. ‘सेफ’ या साठवण प्रणालीत २०१७ पासून ‘ब्लूस्टोअर’ ही रचना मूळ मांडणी म्हणून आली. ती नेहमीच्या फाइल सिस्टीमशिवाय थेट डिस्कवर लिहिते. त्यामुळे वर सांगितलेले फॉरमॅटिंग व माउंटिंग तेथे दिसत नाही. परंतु उपलब्ध असलेली प्रत्येक डिस्क आपोआप वापरात घेण्याचा तिचा पर्याय निवडला, तर तो पुढेही लागू राहतो. नंतर कोणी रिकामी डिस्क अन्य कामासाठी लावली किंवा जुनी डिस्क पुसली, तर प्रणाली ती स्वतःहून ताब्यात घेते. साधन बदलले तरी ‘ही डिस्क कोणाची?’ हा प्रश्न तसाच राहतो.

९. निष्कर्ष

डिस्कचे फॉरमॅटिंग व माउंटिंग स्वयंचलित करणे मोठ्या क्लस्टरसाठी अपरिहार्य आणि लहान क्लस्टरसाठी हितकारक आहे. मात्र त्याचे मोल वाचलेल्या तासांत मोजणे पुरेसे नाही. माणूस काम करताना नकळत ज्या शंका घेतो, त्या शंका स्वयंचलनात नियम म्हणून लिहाव्या लागतात. डिस्क तिच्या तात्पुरत्या नावाऐवजी कायम ओळखीवरून निवडणे, आज्ञेऐवजी अपेक्षित स्थिती सांगणे, न जोडलेल्या डिस्कच्या जागी लेखन होऊ न देणे आणि एका वेळी एकाच नोडपासून आरंभ करणे, हे चार नियम पाळण्यास महागडी सामग्री लागत नाही. पेटाबाइट साठवणाऱ्या संस्थेस आणि चार जुने संगणक जोडणाऱ्या महाविद्यालयास ते सारखेच लागू पडतात.

आपल्या विभागाची माहिती अशा साठवणीत ठेवणाऱ्या प्राध्यापकास ही आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नाही. परंतु नवी डिस्क बसवण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक कोणी तपासला आणि क्लस्टरबाहेरची प्रत कोठे आहे, हे दोन प्रश्न त्याने अवश्य विचारावेत. त्यांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर ती मिळेपर्यंत डिस्क खोक्यातच राहू देणे श्रेयस्कर होय.